आपले मूलभूत हक्क : शाळेच्या दारात आणि घराच्या उंबऱ्यात



२६ जानेवारी जवळ आला आहे. सकाळच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात झेंडा फडकेल, शाळेची मुले रांगेत उभी राहतील, राष्ट्रगीत होईल. मग एखादे छोटे भाषण होईल आणि त्यात एक वाक्य हमखास येईल : ‘घटनेने आपल्याला मूलभूत हक्क दिले आहेत.’ टाळ्या पडतील, मुलांना खाऊ मिळेल आणि आपण घरी जाऊ. हे हक्क नेमके कोणते, ते कोणाला दिले आहेत आणि कोणापासून ते आपले रक्षण करतात, हे प्रश्न मात्र बहुधा तसेच राहतात. म्हणून या रविवारी आपण थोडा अभ्यास करू या.

अभ्यासासाठी आम्ही सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल निवडले आहेत. दोन्ही १९८६ सालचे आहेत आणि दोन्ही खटले केरळमधील एकाच कोट्टयम जिल्ह्यातील ख्रिस्ती माणसांनी नेले होते. एक प्रश्न शाळेच्या दारात उभा राहिला, दुसरा घराच्या उंबऱ्यात. पहिला निकाल ऐकून आपल्याला बरे वाटेल. दुसरा ऐकताना आपण थोडे अस्वस्थ होऊ. पण दोन्ही एकत्र वाचले तरच मूलभूत हक्क म्हणजे काय ते नीट समजते.

घटनेत काय लिहिले आहे?

भारताच्या राज्यघटनेचा तिसरा भाग म्हणजे मूलभूत हक्कांचा भाग. कलम १२ ते ३५ त्यात येतात. सगळी कलमे पाठ असण्याची गरज नाही, पण काही कलमांची ओळख प्रत्येक घराला असावी. कलम १४ सांगते की कायद्यापुढे सर्व माणसे समान आहेत. कलम १५ नुसार धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून शासनाला कोणाही नागरिकाशी भेदभाव करता येत नाही. कलम १९ मध्ये भाषण व अभिव्यक्तीचे, शांततेने एकत्र जमण्याचे, संघटना करण्याचे, देशभर कोठेही फिरण्याचे व राहण्याचे आणि हवा तो व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य आहे. कलम २१ जीविताचे आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचे रक्षण करते. कलम २५ सद्‌सद्‌विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते आणि धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते.

आपल्या सभांमधून या कलमांपेक्षा कलम ३० ची चर्चा अधिक होते. अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क त्या कलमाने दिला आहे आणि आपल्या शाळा-कॉलेजांसाठी ते महत्त्वाचे आहेच. पण तो समाजाचा हक्क आहे. १४, १९, २१ आणि २५ ही कलमे एकेका माणसाविषयी बोलतात. कलम २५ मध्ये ‘सर्व व्यक्ती’ असे शब्द आहेत. धर्मग्राम, जात, कुटुंब यांचा तेथे उल्लेख नाही. हा हक्क तुमचा, माझा, शेजारच्या घरातल्या आजीचा आणि दहावीत शिकणाऱ्या मुलीचा वेगवेगळा आहे. भारताचा नागरिक नसलेल्या पण भारतात राहणाऱ्या माणसाचाही तो आहे.

हे सारे कागदावर राहू नये म्हणून घटनाकारांनी आणखी दोन कलमे घातली. कलम १३ सांगते की मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा त्या विसंगतीपुरता रद्द ठरतो. कलम ३२ नुसार हक्काचा भंग झाला तर कोणीही थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावू शकतो. असे दार ठोठावणे हाही एक मूलभूत हक्कच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत या कलमाला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले होते. कारण उघड आहे. ज्या हक्कासाठी कोठे दाद मागता येत नाही, तो हक्क शोभेचा राहतो.

कायदा कसा रद्द होतो याचे एक उदाहरण आपल्याच समाजाचे आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ११८ मुळे जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाला मृत्युपत्राद्वारे धर्मकार्याला किंवा दानधर्माला मालमत्ता द्यायची असेल तर मोठी अट होती. मृत्युपत्र मरणाच्या किमान बारा महिने आधी झालेले असावे लागे आणि ते सहा महिन्यांच्या आत सरकारदरबारी जमा करावे लागे. मरण तारीख कळवून येत नाही, त्यामुळे अनेकांची इच्छा वाया जाऊ शकत होती. केरळमधील एका कॅथलिक धर्मगुरूंनी यास आव्हान दिले आणि २१ जुलै २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवून रद्द केले. एका व्यक्तीने प्रश्न विचारला आणि जुना कायदा गेला.

हे शब्द सहज आले नाहीत

कलम २५ वर घटना समितीत ६ डिसेंबर १९४८ रोजी चर्चा झाली. ‘प्रसार’ हा शब्द काढून टाकावा, असे काही सदस्यांना वाटत होते. तजम्मुल हुसेन यांची सूचना तर अशी होती की धर्म खाजगीपणे आचरावा एवढाच हक्क असावा. उलट बाजूने ‘प्रसार’ हा शब्द राहावा म्हणून के. एम. मुन्शी, टी. टी. कृष्णम्माचारी आणि पंडित लक्ष्मीकांत मैत्र हे बोलले. हे तिघेही ख्रिस्ती नव्हते, हे आपण लक्षात ठेवावे. आपल्या श्रद्धेचे स्वातंत्र्य आपल्या शेजाऱ्यांनी आपल्यासाठी मांडले आहे. शब्द राहिला.

या कलमाची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत राजकुमारी अमृत कौर होत्या. त्या स्वतः ख्रिस्ती होत्या. त्यांनी आणि हंसा मेहता यांनी १९४७ मध्ये वेगळीच काळजी मांडली. धर्म ‘आचरण्याचे’ स्वातंत्र्य सरसकट दिले तर धर्माच्या नावाने चालणाऱ्या, स्त्रियांना जाचक अशा प्रथा हटवणे कठीण होईल, अशी त्यांची भीती होती. म्हणून आज कलम २५ मध्ये समाजसुधारणेचे कायदे करण्यास मोकळीक ठेवलेली दिसते. शिवाय त्या कलमाची सुरुवातच अटींनी होते : सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि ‘या भागातील इतर तरतुदी’. इतर तरतुदी म्हणजे समानता आणि व्यक्तिस्वातंत्र्यही. म्हणजे बाहेरच्या सत्तेने माणसाच्या श्रद्धेवर हात टाकू नये, याची सोय त्या कलमात आहे आणि धर्माची ढाल करून आपणच आपल्या माणसाचा हक्क दाबू नये, याचीही आहे.

आता दोन निकालांकडे वळू या.

शाळेच्या दारात

केरळमधील एका शाळेत एकाच घरातील तीन भावंडे शिकत होती. थोरला दहावीत, मधली नववीत आणि धाकटी पाचवीत. कुटुंब ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाचे होते. सकाळी राष्ट्रगीत सुरू झाले की ही मुले इतरांबरोबर आदराने उभी राहत, पण गात नसत. आपल्या श्रद्धेनुसार देवाशिवाय कोणाचे असे स्तवन करता येत नाही, असे त्यांचे मानणे होते. बरीच वर्षे हे चालले होते आणि कोणाची तक्रार नव्हती.

जुलै १९८५ मध्ये एका आमदाराच्या हे लक्षात आले आणि प्रश्न विधानसभेत गेला. चौकशी नेमली गेली. मुले कायदा पाळणारी आहेत आणि त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही, असा चौकशीचा अहवाल होता. तरीही शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांच्या सूचनेवरून २६ जुलै १९८५ रोजी तिघांना शाळेतून काढण्यात आले. उच्च न्यायालयात दोनदा नकार मिळाला. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या नावाने ते ओळखले जाते. ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांनी निकाल दिला.

न्यायालयाने प्रश्न कसा सोडवला ते पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी : राष्ट्रगीत गायलाच पाहिजे असा कायदा आहे का? नाही. १९७१ चा राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणारा कायदा राष्ट्रगीत गाण्यात मुद्दाम अडथळा आणणाऱ्याला शिक्षा देतो. ही मुले तर शांतपणे उभी होती.

दुसरी पायरी : आदराने उभे राहून न गाणे हा अनादर होतो का? न्यायालय म्हणाले, होत नाही.

तिसरी पायरी : शिक्षण खात्याचे परिपत्रक होते, त्याचे काय? कलम १९ मधील स्वातंत्र्यावर मर्यादा घालायची असेल तर ती कायद्यानेच घालावी लागते आणि तीही घटनेत दिलेल्या कारणांसाठी. खात्याच्या परिपत्रकाला कायद्याचे बळ नव्हते. बोलण्याच्या स्वातंत्र्यात गप्प राहण्याचे स्वातंत्र्यही येते, हे यातून स्पष्ट झाले.

चौथी पायरी : मुलांची श्रद्धा योग्य की अयोग्य? न्यायाधीशांनी येथे स्वतःला आवरले. एखादी श्रद्धा आपल्याला पटते की नाही हे पाहण्याचे त्यांचे काम नव्हते. ती श्रद्धा प्रामाणिक आहे का आणि तिचे आचरण सुव्यवस्था, नीतिमत्ता वा आरोग्य यांच्या आड येते का, एवढेच त्यांनी पाहिले.

निकाल मुलांच्या बाजूने लागला. त्यांना शाळेत परत घ्यावे, असा आदेश झाला. खऱ्या लोकशाहीची कसोटी म्हणजे अगदी नगण्य अल्पसंख्याकालाही घटनेच्या छायेत आपली ओळख जपता येते की नाही, असा आशय न्यायालयाने मांडला.

आता आपल्याशी याचा संबंध काय? आपण कॅथलिक राष्ट्रगीत आनंदाने गातो. ‘यहोवाचे साक्षीदार’ पुस्तके घेऊन दारी आले तर आपल्यापैकी बरेच जण दार लावून घेतात. त्यांची शिकवण आपल्याला मान्य नाही आणि ती मान्य करावी असे कोणी म्हणतही नाही. पण त्या तीन मुलांसाठी जे तत्त्व ठरले ते देशातील प्रत्येक मुलासाठी ठरले. उद्या एखाद्या शाळेत आपल्या मुलीला तिच्या श्रद्धेविरुद्ध एखादी प्रार्थना म्हणायला भाग पाडले तर तिच्या पालकांच्या हाती हाच निकाल असेल. ज्यांच्यासाठी आपण दार उघडत नाही, त्यांनी आपल्यासाठी हे दार उघडून ठेवले आहे.

आपल्या ख्रिस्तसभेची शिकवणही याच दिशेची आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीचे घोषणापत्र जाहीर केले. धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती होऊ नये आणि हा हक्क माणसाच्या प्रतिष्ठेतून येतो, असे त्यात सांगितले आहे. म्हणून सत्याचा शोध न घेणाऱ्या माणसाचाही तो हक्क राहतो. हे समजून घेण्यासारखे आहे. प्रतिष्ठा देवाने दिली आहे. घटना ती ओळखते आणि तिला कायद्याचे कुंपण घालते.

याबरोबर एक मर्यादाही सांगितली पाहिजे. १९७७ मध्ये मध्य प्रदेश व ओरिसाच्या धर्मांतरविषयक कायद्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ‘प्रसार’ म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. या निकालावर पुढे बरीच टीकाही झाली. एक गोष्ट मात्र वादातीत आहे. सांगणाऱ्याला जशी सद्‌सद्‌विवेकबुद्धी आहे तशी ऐकणाऱ्यालाही आहे. निर्णय त्याचा आहे.

घराच्या उंबऱ्यात

दुसरा निकाल वर्षाच्या सुरुवातीचा, २४ फेब्रुवारी १९८६ चा. मेरी रॉय या सिरियन ख्रिस्ती समाजातील बाई. शिक्षिका होत्या आणि कोट्टयममध्ये त्यांनी शाळा उभी केली. लेखिका अरुंधती रॉय या त्यांच्या कन्या. मेरी रॉय यांचे वडील मृत्युपत्र न करता वारले होते. नवऱ्यापासून वेगळ्या होऊन दोन लहान मुलांसह त्या माहेरच्या मालमत्तेकडे वळल्या तेव्हा त्यांना कळले की कायद्याने त्यांना जवळजवळ काहीच मिळत नाही.

तो कायदा होता त्रावणकोर ख्रिस्ती उत्तराधिकार कायदा, १९१६. वडील मृत्युपत्र न करता वारले तर मुलीला मुलाच्या वाट्याचा एक चतुर्थांश किंवा ५००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळे. लग्नात स्त्रीधन दिले असेल किंवा देण्याचे नुसते वचन दिले असेल, तर तेवढेही नाही. विधवेला मिळे तो हयातीपुरता उपभोग, आणि तिने पुन्हा लग्न केले की तोही संपे. हा कायदा परक्याने लादलेला वाटत नव्हता. ‘आमच्या समाजाची रीत’ म्हणूनच तो टिकून होता.

मेरी रॉय कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. हा कायदा समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सरन्यायाधीश पी. एन. भगवती आणि न्या. आर. एस. पाठक यांनी निकाल दिला. समानतेच्या प्रश्नात शिरण्याची त्यांना गरज पडली नाही. १९५१ च्या एका केंद्रीय कायद्याने भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ हा त्रावणकोर-कोचीनलाही लागू झाला होता आणि त्यामुळे १ एप्रिल १९५१ पासून जुना कायदा संपला होता, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे पस्तीस वर्षे मुलींना समान वाटा होता, पण तो त्यांना कोणी दिला नव्हता.

केरळात मोठी खळबळ उडाली. जुने व्यवहार उघडतील, भावाबहिणींत भांडणे लागतील, कुटुंबे फुटतील, असे बोलले गेले. निकालाचा मागील काळापासूनचा परिणाम काढून टाकण्यासाठी विधेयकाचेही प्रयत्न झाले, पण ते तडीस गेले नाहीत. मेरी रॉय यांना स्वतःचा वाटा प्रत्यक्ष मिळायला निकालानंतर आणखी दोन दशकांहून अधिक काळ लागला. १ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना किती मालमत्ता मिळाली हा प्रश्न छोटा आहे. त्या समाजातील हजारो मुलींना कायद्याने मुलाच्या बरोबरीचे स्थान मिळाले, हे मोठे आहे.

आणि आपल्याकडे?

महाराष्ट्रात आपल्याला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू आहे. (गोव्यातील आपल्या नातेवाइकांसाठी कायदा वेगळा आहे.) शेजारच्या हिंदू कुटुंबांचा वारसा कायदाही वेगळा आहे, त्यामुळे पारावर ऐकलेला सल्ला आपल्याला लागू होईलच असे नाही. आपल्या कायद्यातील मुख्य गोष्टी अशा :

माणूस मृत्युपत्र न करता वारला आणि मागे पत्नी व मुले असली, तर पत्नीला एक तृतीयांश मिळते. उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांत समान वाटले जाते. मुलगा-मुलगी, विवाहित-अविवाहित असा फरक नाही. पत्नी वारली तर पतीलाही याच प्रमाणात वाटा मिळतो. समजा २४ गुंठ्यांची वाडी आहे आणि मागे पत्नी, दोन मुलगे व दोन मुली आहेत. आईचे ८ गुंठे. उरलेल्या १६ गुंठ्यांचे चार समान भाग, म्हणजे प्रत्येकी ४ गुंठे. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचेही ४ गुंठेच. आईचा वाटा तिच्या पूर्ण मालकीचा असतो.

आईवडील हयात असताना मात्र मुलाला किंवा मुलीला त्यांच्या मालमत्तेत जन्माने हक्क नसतो. त्यांना मृत्युपत्राने हवे त्याला देता येते. म्हणजे समानता कायद्यात आहे, पण ती मोडण्याची मुभाही आईवडिलांच्या हाती आहे. म्हणूनच ही केवळ वकिलाची बाब राहत नाही, ती विवेकाची बाब होते.

आता प्रत्यक्षात काय चालते ते आपण सर्वजण जाणतो. वडील गेले, महिन्याची मिस्सा झाली, मग वारस नोंदीची बोलणी सुरू होतात. बहिणींना निरोप जातो, ‘सही करायला ये.’ हक्कसोडपत्र तयार असते. तिने वाचावे अशी अपेक्षा नसते. ‘लग्नात दिले की’, ‘दागिने घातले की’, ‘माहेर हवे की जमीन हवी?’ असे शब्द येतात. ती सही करते.

बहिणीने मनापासून आणि समजून हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे आणि त्यात काही गैर नाही. आजारी आईवडिलांना सांभाळणाऱ्या भावाला ती आनंदाने आपला भाग देत असेल, तर ते प्रेमाचे कृत्य आहे. पण दान द्यायचे तर आधी ते आपले आहे हे माहीत असावे लागते. आपला वाटा किती, त्याची किंमत काय, सही केल्यावर काय होते, हे न सांगता घेतलेली सही हे दान नव्हे. दबावाने किंवा फसवून घेतलेली संमती कायद्यापुढे टिकेलच असे नाही, आणि देवापुढे तर नाहीच.

‘बहिणीने हक्क मागितला की माहेर तुटते,’ असे म्हणतात. विचार करण्यासारखे आहे. भाऊ आपला वाटा घेतो तेव्हा घर तुटले असे कोणी म्हणत नाही. मग तोच कायद्याचा वाटा बहिणीने घेतला तर नाते का तुटावे?

दोन निकालांचा एक धडा

शाळेच्या दारात सत्ता शिक्षण खात्याची होती आणि समोर तीन मुले होती. घराच्या उंबऱ्यात सत्ता रीतीची होती आणि समोर एकटी बाई होती. दोन्हीकडे गर्दी एका बाजूला होती. दोन्हीकडे ‘तुमच्यामुळे आमची एकी मोडते’ असेच म्हटले गेले. दोन्हीकडे घटनेने एकट्या माणसाला बोलायला जागा दिली.

शासन आपल्या श्रद्धेत ढवळाढवळ करते असे वाटले की आपल्याला घटना आठवते, आणि आठवलीच पाहिजे. तीच घटना आपल्या घरातील मुलीच्या, सुनेच्या, विधवेच्या आणि वेगळा विचार करणाऱ्या मुलाच्याही पाठीशी आहे. एक बाजू हवी आणि दुसरी नको, असे करता येत नाही. जो समाज आपल्या आतल्या एकट्या माणसाचे ऐकतो, त्यालाच बाहेर आपले ऐका असे सांगण्याचे बळ येते.

आपण काय करू शकतो?

१. घटनेची मराठी प्रत पुस्तकांच्या दुकानात मिळते. एक प्रत घरात ठेवू या आणि मोठ्या मुलांबरोबर तिसरा भाग वाचू या. कलम १४ ते ३२ एवढे जरी वाचले तरी पुष्कळ आहे.

२. आईवडिलांनी धडधाकट असतानाच मृत्युपत्र करावे, दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि काय ठरवले ते मुलामुलींना एकत्र बसवून सांगावे.

३. हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी बहिणीला कागद घरी नेऊन वाचायला आणि स्वतःच्या वकिलाला विचारायला वेळ द्यावा. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना, मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते.

४. पोलिसांनी एखाद्याला अटक केली तर कलम २२ लक्षात ठेवावे. अटकेचे कारण सांगितलेच पाहिजे, वकिलाशी बोलू दिले पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले पाहिजे. (प्रतिबंधक स्थानबद्धतेचे नियम वेगळे आहेत.) माणूस आपला असो वा परका, निर्दोष असो वा नसो, हे रक्षण सर्वांना आहे.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

लघु ख्रिस्ती समूहाच्या पुढील बैठकीत खालील प्रश्नांवर बोलावे. महिला आणि तरुण यांना आधी बोलू द्यावे.

१. त्या तीन मुलांच्या वर्गशिक्षिकेच्या जागी आपण असतो तर काय केले असते?

२. आपली श्रद्धा न मानणाऱ्या माणसाच्या हक्कासाठी आपण कधी उभे राहिलो आहोत का?

३. आपल्या घरात शेवटचे हक्कसोडपत्र झाले तेव्हा सही करणारीला आपला वाटा किती हे सांगितले होते का?

४. आपल्या धर्मग्रामात एकट्या पडलेल्या माणसाचे म्हणणे कोठे ऐकले जाते?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सभेत देणे अवघड असेल तर ते घरी, बहिणीला फोन करून द्यावे. २६ जानेवारी साजरा करण्याची तीही एक चांगली रीत आहे.